एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरची नवी ठिणगी

मुलाबाळांकडे अमेरिकेस जाऊन आल्यावर चार पाने लिहावीत, असा आता आपल्या मंडळींत प्रघातच पडला आहे. त्या पानांत नायगाराचा धबधबा यावयाचा, न्यूयॉर्कच्या उंच इमारती यावयाच्या, आणि तेथील गणेशोत्सवातले मोदक किती सुबक होते हेही यावयाचे. आम्हीही नायगारा पाहिला. तो फार मोठा आहे. त्याहून अधिक त्याविषयी सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. परंतु इलिनॉय राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका लहान गावी कन्येच्या घरी आम्ही उभयतांनी सहा महिने काढले, आणि त्यांतील बहुतेक सकाळी शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या शेडमध्ये, एका जुन्या ट्रॅक्टरच्या उघड्या इंजिनापाशी गेल्या. ती हकीकत मात्र वाचकांच्या कानी घालावी असे वाटते.

आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. निपाणीजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे; पूर्वी तंबाखू, आता बहुतांशी ऊस. वडिलांनी एक लाल बी-२७५ ट्रॅक्टर घेतला होता, आणि त्याच्या डिझेलच्या नळ्या साफ करण्यातच आमचे तारुण्य सरले, असे आमच्या सौ.चे म्हणणे आहे. महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी यांच्या १९६३ साली झालेल्या भागीदारीतून तो मुंबईस तयार होत असे. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर त्याच इंटरनॅशनलचा ‘फार्मॉल एम’, म्हणजे नात्याने आमच्या ट्रॅक्टरचा थोरला चुलताच. तो ओळखीचा लाल रंग कुंपणावरून दिसला आणि बोलणे सुरू झाले.

हा ‘एम’ १९३९ पासून १९५२ पर्यंत त्याच राज्यात, मिसिसिपीच्या काठी रॉक आयलंड येथील कारखान्यात तयार होत होता. अडीच लाखांहून अधिक निघाले. पुढे कंपनीवर वाईट दिवस आले, आणि १९८५ च्या मे महिन्यात त्या कारखान्यातून शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला. शेजाऱ्यांच्या वडिलांनी आपला ‘एम’ १९४८ साली नवा घेतला, तेव्हा शेजारी तीन वर्षांचे होते. नांगरणीतून तो केव्हाच निवृत्त झाला. परंतु दर वर्षी जुलैत भरणाऱ्या जिल्ह्याच्या जत्रेत ओढण्याच्या स्पर्धेस तो अजूनही उतरतो.

ही स्पर्धा आपल्याकडील वाचकांस अगदीच अपरिचित वाटू नये. विजापूर-बागलकोटकडे बैलांकरवी दगडी शिळा ओढवून घेतात ना, त्याच जातीची. तेथेही आरंभ घोड्यांपासून झाला, आणि ट्रॅक्टरांच्या स्पर्धांच्या पहिल्या नोंदी १९२९ च्या सांगतात. पूर्वी ओढावयाच्या फळीच्या वाटेवर माणसे ओळीने उभी राहत आणि फळी जवळून जाताना एकेक जण तीवर चढत जाई. जसजसे पुढे जावे तसतसे ओझे वाढावे, ही त्यातली युक्ती. आता माणसांच्या जागी यंत्र आले आहे. ‘स्लेड’ नावाचा एक लांब गाडा असतो; मागे चाके, पुढे जमिनीवर घासणारा लोखंडी पत्रा. ट्रॅक्टर ओढू लागला की गाड्यावरची वजनाची भली मोठी पेटी मागून पुढे सरकू लागते, भार चाकांवरून उतरून पत्र्यावर येतो, आणि पत्रा माती धरू लागतो. ३०० फूट ओढले म्हणजे पुरे ओढले. ओहायोतील बोलिंग ग्रीन येथे १९६७ पासून मोठी राष्ट्रीय स्पर्धा भरते. तेथे एकेका ट्रॅक्टरावर विमानाची दोन-तीन इंजिने चढविलेली असतात म्हणे. त्याचे आम्हांस काही आकर्षण वाटले नाही. आमच्या शेजाऱ्यांचा वर्ग जुन्या, शेतातून आलेल्या ट्रॅक्टरांचा. वेग बैलगाडीपेक्षा थोडा अधिक, आणि प्रेक्षक बहुतेक आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन आलेले आजोबा.

गेल्या तीन वर्षांत त्यांचा ट्रॅक्टर मागे पडत चालला होता. सुरुवात ठीक व्हावी, दीडशे फुटांपुढे भार चढावा, आणि इंजिनाने एक ठोका गाळावा, मग दुसरा. शेजाऱ्यांचे निदान असे की, ट्रॅक्टर म्हातारा झाला, त्याला नवे पिस्टन हवेत. त्यांच्या नातीचे निदान निराळे. ही पंचविशीची मुलगी यंत्रदुरुस्तीचे रीतसर शिक्षण घेतलेली, दिवसा मोठाल्या कापणीयंत्रांची कामे करून संध्याकाळी आजोबांच्या शेडमध्ये येणारी. ती म्हणे, दोष ठिणगीत आहे. जुना मॅग्नेटो काढा, बॅटरीवरची विजेरी यंत्रणा बसवा.

येथे मॅग्नेटोविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडील डिझेल ट्रॅक्टरांत ठिणगीच नसते. तेथे दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेटते. पेट्रोलच्या इंजिनास मात्र प्रत्येक जाळास ठिणगी लागते. चार सिलिंडरांचे हे इंजिन मिनिटास १४५० फेरे घेते, म्हणजे मिनिटास २९०० ठिणग्या. मॅग्नेटोत एक लोहचुंबक फिरतो, आपली वीज आपणच तयार करतो. बॅटरी नको, डायनामो नको. हँडल मारून सुरू करताना इंजिन फारच हळू फिरते, तेव्हा त्यातली एक कमान चुंबकास अडवून धरते आणि एकदम सोडते. त्या झटक्याने ठिणगी जोरकस पडते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. तो आवाज शेजाऱ्यांच्या कानांत लहानपणापासून बसलेला. वडील पहाटे हँडल फिरवीत आणि हे अंथरुणात पडून ‘टक्, टक्’ मोजीत. अशी वस्तू काढून टाका, असे नातीने सांगावे आणि आजोबांनी मुकाट्याने ऐकावे, हे कसे व्हावे?

मॅग्नेटोची आणखी एक थोरवी अशी की, फेरे वाढले तशी त्याची ठिणगी बळावते. बॅटरीच्या कॉइलचे उलट असते. दोन ठिणग्यांच्या मध्ये कॉइलने वीज साठवून घ्यावयाची, आणि फेरे वाढले की त्या साठवणीस वेळच कमी उरतो. शेजारी हे बरोबर जाणत होते आणि नातीस ऐकवीतही होते. नातीचे उत्तरही बरोबर होते: आताच्या कॉइली त्या काळच्या नव्हेत, आणि हा चुंबक सत्तरीच्या पुढचा आहे.

आमचा स्वभाव असा की, वाद चालू असता आधी माप घ्यावे. तसे आम्ही सुचविले, आणि दोघांनीही ते मानले, कारण प्रत्येकास आपणच खरे ठरू अशी खात्री होती. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरातला दाब मोजला. तीन सिलिंडरांत चौरस इंचास शंभर पौंडांच्या वर भरला. तिसऱ्यात सत्तरही नाही. त्या तिसऱ्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजले. तेलाने दाब वाढला असता तर रिंगा झिजल्या असे समजावयाचे. तो वाढला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मग ठिणगी पाहिली. उघड्या हवेत ती छान निळी पडत होती, आणि शेजाऱ्यांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले. परंतु उघड्या हवेतली ठिणगी ही घरातल्या मुलाच्या गाण्यासारखी असते. दाबलेल्या वायूत तीच फट ओलांडण्यास कितीतरी अधिक जोर लागतो, आणि भार सर्वाधिक असतो त्याच क्षणी तो दाबही सर्वाधिक असतो. दीडशे फुटांपुढेच ठोका का गळे, याचे कारण येथे होते. एवंच दोघेही खरे निघाले.

जाहिराती वाचून आमच्या कन्येच्या घरी असा समज झाला होता की, नवी विजेरी ठिणगी बसविली की अश्वशक्ती आपोआप वाढते. तसे काही नाही. जे मिश्रण जुन्या ठिणगीने पुरते पेटत होते, ते नव्या ठिणगीने अधिक पेटत नाही. गळणारे ठोके गळेनासे होतात, एवढाच लाभ. पण ओढण्याच्या स्पर्धेत तो लहान नव्हे.

आता ज्या गोष्टीने वादाचा निकाल लागला ती सांगतो. एके सकाळी आमच्या सौ. थालीपीठ घेऊन शेडमध्ये आल्या. इंजिन सुरू होते. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि आम्हांस म्हणाल्या, “अहो, सुरू कसे करायचे ते चार दिवस ऐकते आहे. दादांना विचारा, हे बंद कसे करतात?”

आम्ही विचारले. शेजाऱ्यांनी मागची कळ दाखविली. स्पर्धेत या कळीस दोरी बांधून ती स्लेडला अडकवितात. साखळी तुटून ट्रॅक्टर सुटला, तर दोरी ओढली जाऊन इंजिन थांबावे म्हणून. कळीपासून एक तार मॅग्नेटोपर्यंत गेली होती. मॅग्नेटो स्वतःच वीज करतो, तेव्हा त्याची वीज तोडता येत नाही. ती लोखंडी सांगाड्यात उतरवून द्यावी लागते, तेव्हा ठिणगी थांबते. म्हणजे कळ दाबल्यावर ती तार जोडली गेली पाहिजे.

सौ.ना हे मराठीत समजावून दिले. त्या म्हणाल्या, “आणि ती तारच तुटली असेल तर?”

आम्ही इंग्रजीत तसेच सांगितले. शेजारी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तर तो चालूच राहील.”

बॅटरीवरच्या यंत्रणेत हे उलट असते. तेथे कळ विजेची वाट तोडते. तार कुरतडली गेली, निसटली, गंजली, तर इंजिन आपोआप बंद पडते. बिघाड झाला तर तो थांबण्याच्या बाजूने होतो. शेजाऱ्यांचा थोरला चुलतभाऊ तरुणपणी शेतातले खोड उपटताना ट्रॅक्टरखाली गेला होता. साखळी मागच्या आसाला, फार उंच बांधलेली. पुढची चाके उचलली गेली आणि ट्रॅक्टर मागे उलटला. या जुन्या ट्रॅक्टरांना डोक्यावर लोखंडी कमान नसते, आणि चाके उचलू लागल्यापासून परतीची वाट बंद होईपर्यंत एक सेकंदही मिळत नाही. म्हणूनच स्पर्धेत साखळीचा आकडा जमिनीपासून २० इंचांपेक्षा उंच चालत नाही. हे सर्व त्यांनी त्या सकाळी, थालीपीठ हातात तसेच ठेवून सांगितले. नात एक शब्दही बोलली नाही. तिचे हे शहाणपण आम्हांस तिच्या यंत्रज्ञानाहून थोर वाटले.

दुसऱ्या दिवशी मॅग्नेटो निघाला. त्यांनी तो विकला नाही. तेल देऊन, जुन्या सदऱ्यात गुंडाळून फळीवर ठेवला आहे. पाहुण्यांची मुले आली की त्यांच्या हाती तार देऊन चुंबक फिरवितात आणि झटका बसला की मनमुराद हसतात.

त्याच्या जागी डिस्ट्रिब्यूटर आला. हाही परका नव्हे. कंपनी स्वतःच त्या काळी पुष्कळशा ‘एम’वर तो बसवीत असे. आत मात्र घासणाऱ्या पॉइंटांऐवजी नातीने लहानसे विजेरी यंत्र बसविले. जुन्या डिस्ट्रिब्यूटरचा दांडा झिजून डुगडुगत असेल, तर पॉइंटांमधली फट दर सिलिंडरास निराळी होते; विजेरी यंत्र ती डुगडुग काही अंशी सोसते. परंतु डुगडुगणारा दांडा ठिणगीची वेळही चुकवितो, आणि तो दोष कोणतेही यंत्र झाकू शकत नाही. म्हणून तिने आधी दांड्याचे बुश बदलले आणि मगच नवी वस्तू बसविली. हा क्रम आम्हांस फार आवडला. सहा व्होल्टची बॅटरी जाऊन बारा व्होल्टची आली, त्याजोगी कॉइल आली. एक पथ्यही आले: इंजिन बंद असता किल्ली चालू ठेवावयाची नाही, नाहीतर यंत्र तापून जळते. शेजाऱ्यांनी त्याची चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहून किल्लीशेजारी चिकटविली.

इंजिनाकडे वळलो ते त्यानंतर. हेड उतरविले; तिसऱ्याचा व्हॉल्व्ह खरोखरच एका बाजूने जळला होता. इतके उघडलेच आहे तर पिस्टनही मोठे घालू, असा आजोबांचा आग्रह पडला आणि या वेळी नात विरघळली. मूळ पिस्टनाचा व्यास पावणेचार इंचांहून अष्टमांश अधिक, चाल सव्वापाच इंच. चारही सिलिंडर मिळून २४८ घन इंच. व्यास चार इंचांचा केला की २६४ होतात. कंपनीने १९५२ च्या ‘सुपर एम’मध्ये नेमके हेच केले, आणि १९५६ च्या ‘४५०’मध्ये आणखी अष्टमांश इंच वाढवून २८१ वर नेले. त्याच राज्यातील गिब्सन सिटीची एम अँड डब्ल्यू कंपनी तर असे मोठे पिस्टन शेतकऱ्यांना विकूनच नावारूपास आली होती. तेव्हा यात जुन्या वस्तूची विटंबना झाली असे आम्ही मानत नाही. थोरल्या घरात जे घडले तेच धाकट्या घरात घडले.

हेड किती तासावे यावर मात्र खटका उडाला. तासल्याने दाब वाढतो, दाबाने बळ वाढते. पण एका मर्यादेपुढे मिश्रण ठिणगीची वाट न पाहता ठोकर देऊन पेटते, आणि अशा चार ठोकरींत पिस्टनच्या कडा उडतात. लेथवाल्याने आजोबांनी मागितले त्याच्या निम्मेच तासून दिले आणि वर पैसेही पुरे घेतले. दाब वाढल्यावर ठिणगीस अधिक जोर पडणार म्हणून प्लगांच्या फटी किंचित कमी केल्या. मिश्रणही आता लवकर जळणार म्हणून ठिणगीची वेळ थोडी मागे आणली. ठिणगी बदलली, इंजिन बदलले, म्हणून पुन्हा ठिणगी जुळविली. मॅग्नेटो असता तर सुरू झाल्यानंतर वेळेची एकच जागा मिळाली असती. डिस्ट्रिब्यूटरातली वजने फेऱ्यांप्रमाणे वेळ सरकवितात, हा त्याचा खरा फायदा येथे दिसला.

शेवटचा हट्ट फेऱ्यांचा. गव्हर्नरची कमान ताणून इंजिन दोन हजारांवर न्यावे, असे आजोबांस वाटे. इतर लोक नेतात, असे ते म्हणत. नातीने शेडच्या दारावर खडूने हिशेब मांडला. फ्लायव्हील बिडाचे, आणि फिरणाऱ्या चक्रातला ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १४५० चे २०५० केले की ताण दुप्पट. आणि हे बीड १९४८ सालचे, चालकाच्या पायांपासून हातभर अंतरावर. आजोबांनी हिशेब दोनदा वाचला आणि १६५० वर तडजोड झाली.

गावातल्या दुकानात मापयंत्रावर चढविला तेव्हा ४३ अश्वशक्ती भरली. नवा असताना नेब्रास्का विद्यापीठाच्या चाचणीत ‘एम’ने पट्ट्यावर सुमारे ३६ दिली होती. तेथे १९२० पासून ट्रॅक्टर तपासतात, आणि विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्या आकड्यांवर शेतकरी अधिक विसंबतात. आपल्याकडे बुदनीस अशीच सरकारी चाचणी होते. ट्रॅक्टर घेणाऱ्यांपैकी तिचा अहवाल मागून वाचणारे किती, हा प्रश्न आम्ही निपाणीस परतल्यावर चारचौघांत विचारला आणि उत्तर न मिळाल्याने सोडून दिला.

जत्रेच्या दिवशी उन्हाचा कडाका होता. सौ.नी रंगीत छत्री उघडली, तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून नम्र विनंती आली. साडेपाच हजार पौंडांच्या वर्गात चौदा ट्रॅक्टर होते. आमच्या शेजाऱ्यांनी दोरी स्वतः अडकविली, मग हाताने एकदा ओढून इंजिन बंद पडते की नाही ते पाहिले, आणि पुन्हा सुरू केले. इतर कोणी तसे केलेले आम्ही पाहिले नाही. साखळी ताठ झाली, चाकांनी माती धरली. दीडशे फूट. ठोका गळला नाही. दोनशे. आवाज जड झाला पण सलग राहिला. आम्ही इतकी वर्षे इंजिने ऐकली, तसा एकसारखा, खोल आवाज क्वचितच ऐकला असेल. अडीचशेच्या पुढे पुढची चाके बोटभर उचलली गेली आणि सौ.नी आमचा दंड धरला. ती पुन्हा टेकली. मग इंजिन तसेच जोरात चालू असता ट्रॅक्टर मात्र मंदावला, आणि जळक्या वासाची एक झुळूक आमच्यापर्यंत आली. २६८ फूट. तिसरा क्रमांक, गतवर्षी २४१ फूट आणि अकरावा होता.

तो वास आम्हां दोघांच्याही परिचयाचा होता. इंजिनाने दिलेले बळ क्लचला पेलले नव्हते. १९४८ साली ३६ घोड्यांसाठी केलेली तबकडी ४३ घोड्यांपुढे घसरली. नात धावत येऊन पहिल्याने आजोबांस उतरवून घेऊ लागली, आणि ते तिला हातवारे करून सांगत होते की ठोका एकही गळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो, तेव्हा ट्रॅक्टरखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. क्लचच्या खालचे झाकण सोडविणे चालले होते. आमची चाहूल लागताच आतून हात बाहेर आला आणि मधला पाना मागितला गेला. आम्ही तो दिला आणि बाही वर सारली.